पटकथेतला मुका माणूस : विजय तेंडुलकरांच्या चित्रपटलेखनाविषयी

विजय तेंडुलकर यांच्यावर मराठीत जे लिहिले गेले, ते बहुतांशी नाटककार तेंडुलकरांवर. 'शांतता! कोर्ट चालू आहे', 'गिधाडे', 'सखाराम बाइंडर', 'घाशीराम कोतवाल' ही चार नावे घेतली की समीक्षक स्थिरावतो. मग त्या नाटकांवरून उठलेल्या वादळांचा इतिहास येतो, सेन्सॉर येतो, न्यायालय येते. आणि लेखाच्या शेपटाला एखादे वाक्य येते की, याशिवाय त्यांनी काही गाजलेल्या चित्रपटांच्या पटकथाही लिहिल्या. जणू नाटक हा त्यांचा संसार आणि पटकथा ही संसाराला हातभार म्हणून धरलेली शिकवणी! ही उतरंड आम्हांस मान्य नाही. आमचे म्हणणे असे की, खेड्यातला, दरिद्री, निरक्षर माणूस तेंडुलकरांना रंगमंचावर सापडला नाही, तो पडद्यावर सापडला. आणि जो सापडला तो मुका होता. या मुकेपणात त्यांच्या लेखनाचे मोठेपण आहे, आणि आमच्या मते त्यांची मर्यादाही तेथेच आहे.

हे आम्ही धाराशिवहून लिहीत आहोत, हे सांगणे येथे अप्रस्तुत होऊ नये. मुंबई-पुण्याच्या रसिकाने तेंडुलकर नाट्यगृहात पाहिले. आमच्या भागात नाटकमंडळींची पायधूळ क्वचित झडे. आमच्या पिढीला तेंडुलकर भेटले ते दूरदर्शनवर, रात्री उशिरा, आणि तेही श्रेयनामावलीतील एका ओळीपुरते. धाराशिवला २०२० च्या जानेवारीत ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्षस्थानी होते, आणि आपल्या समाजाला त्या दिवसांत झालेला आनंद वाचकांच्या स्मरणात असेलच. त्या मांडवातील पुस्तकांच्या गाळ्यांतून आम्ही तेंडुलकरांची बरीच नाटके घरी आणली. ती एकामागोमाग एक वाचल्यावर जे जाणवले, त्यातून हा लेख झाला आहे.

चरित्राचा तपशील थोडक्यात सांगतो. जन्म ६ जानेवारी १९२८, मृत्यू १९ मे २००८, पुणे. बेचाळीसच्या चळवळीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढे वृत्तपत्रांत नोकऱ्या, स्फुटलेखन, एकांकिका, नाटके. १९७० च्या दशकात नेहरू अभ्यासवृत्ती घेऊन त्यांनी समाजातील वाढत्या हिंसेचा अभ्यास केला. १९८४ मध्ये पद्मभूषण, १९९३ मध्ये 'कन्यादान'साठी सरस्वती सन्मान. मानसन्मानांची यादी अजून लांबवता येईल, पण तिने आमच्या मुद्द्याला बळ येत नाही. बळ येते ते एका साध्या गोष्टीने : अभ्यासवृत्तीचा तो काळ आणि पटकथालेखनाचा ऐन बहर एकच आहे. 'सामना' आणि 'निशांत' दोन्ही १९७५ चे, 'मंथन' १९७६ चा, 'सिंहासन' १९७९ चा, 'आक्रोश' १९८० चा, 'उंबरठा' १९८२ चा, 'अर्धसत्य' १९८३ चा. आठ-नऊ वर्षांत एवढे काम! हिंसेचा जो अभ्यास त्यांनी केला, त्याचा खरा अहवाल या पटकथांमध्ये आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

आता प्रथम नाटकाकडे. 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे १९६७ चे नाटक घडते एका खेड्यातील सभागृहात. मुंबईची हौशी मंडळी तेथे अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यास आली आहेत. प्रयोगाला अवकाश आहे, म्हणून गंमत म्हणून एक खटला चालवायचा ठरतो आणि लीला बेणारे या शिक्षिकेला आरोपी केले जाते. गंमत पुढे शिकारीत कशी बदलते, ते वाचक जाणतात. या नाटकात खेड्यातला म्हणावा असा माणूस मुख्यत्वे एकच : सामंत. साधा, भाबडा, आल्यागेल्याला पानतंबाखू विचारणारा. एक साक्षीदार कमी पडतो म्हणून त्याला पिंजऱ्यात उभे करतात. त्याला काय बोलावे हे सुचत नाही. मग तो साक्ष देतो ती हातातल्या एका सवंग कादंबरीच्या आधाराने! आम्हांस हा प्रसंग बेणारेच्या प्रसिद्ध स्वगताइतकाच अर्थपूर्ण वाटतो. शहराने मांडलेल्या न्यायालयात खेड्याला बोलावले, पण त्याच्याजवळ स्वतःचे शब्द नव्हते. त्याने उसने शब्द वाचून दाखवले, आणि नेमक्या त्या उसन्या शब्दांनी एका निरपराध बाईचा फास आवळला गेला. बेणारेचे स्वगत तरी प्रेक्षक ऐकतात, मग रंगमंचावरची मंडळी ऐकोत न ऐकोत. सामंताचे स्वतःचे असे काहीच कोणी ऐकत नाही.

तेंडुलकरांच्या नाटकांतील बहुतेक माणसे भरपूर बोलतात. सखाराम बोलतो, म्हणूनच तो सखाराम आहे. 'गिधाडे'तील भावंडे शिव्यांनी एकमेकांचे लचके तोडतात. संवाद हे या नाटककाराचे पहिले शस्त्र. तुटक, अर्धवट, बोलीच्या ठेक्यावर चालणारे संवाद मराठी रंगभूमीवर त्यांनी रुजवले. आणि येथे एक विलक्षण गोष्ट लक्षात घ्यावी लागते. त्यांच्या प्रमुख हिंदी पटकथांचे संवाद त्यांचे नाहीत. 'निशांत'चे संवाद सत्यदेव दुबे यांचे, 'मंथन'चे कैफी आझमी यांचे, 'अर्धसत्य'चे वसंत देव यांचे. संवादासाठी नावाजलेल्या लेखकाच्या हातून संवादच काढून घेतला, तर मागे काय उरते? उरते ती प्रसंगांची मांडणी. कोण कोणासमोर उभा आहे, कोण केव्हा आत येतो, कोण बघतो आणि मान खाली घालतो, कोण अखेरपर्यंत तोंड उघडत नाही. शस्त्र हातातून गेल्यावर तेंडुलकरांना मौन सापडले, असे आम्हांस वाटते.

श्याम बेनेगल यांचा 'निशांत' आमच्या जिल्ह्यातील वडीलधाऱ्या मंडळींनी आवर्जून पाहावा, असे आम्ही अनेकांना सुचवले आहे. कथा घडते १९४५ मध्ये, निजामाच्या राज्यातील तेलंगणाच्या एका गावी. त्या वेळी आपला जिल्हा त्याच राज्यात होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज सोलापूरच्या बाजूने शिरली ती आपल्या नळदुर्गावरून, आणि १७ सप्टेंबरला निजामशाही संपली. जहागीरदाराच्या वाड्यासमोरून जाताना पायतण हातात घेणारी माणसे आमच्या आजोबांच्या पिढीने पाहिलेली आहेत. 'निशांत'मध्ये जमीनदाराचे भाऊ शाळामास्तरची बायको उचलून नेतात. मास्तर पोलिसांकडे जातो, वकिलाकडे जातो, जिल्हाधिकाऱ्याकडे जातो. दारे एकेक करून मिटत जातात. पण तेंडुलकरांचा रोख वाड्यावर आहे त्याहून अधिक गल्लीवर आहे. बाई ओरडते, आणि गाव ऐकत राहते. त्या क्षणी पटकथेत कोणाच्याही तोंडी एक अक्षर घालता आले असते. घातलेले नाही.

पुढे देवळाचा पुजारी मास्तरच्या बाजूने उभा राहतो आणि दोघे मिळून गावाला जागे करतात. आम्ही स्वतः वेदीपाशी उभे राहणारे असल्यामुळे या पात्राकडे जरा निरखून पाहिले. देवाचे दागिने चोरीस गेल्याचे प्रथम त्यालाच दिसते, चोर कोण हेही त्याला उमगते, तरी तो बराच काळ गप्प राहतो. त्याची जीभ सुटते ती उशिरा. आणि गाव उठते तेव्हा ते कोणाचेच ऐकत नाही. जमीनदार मारला जातो, तशी त्या घरातील सोशिक सून रुक्मिणीही मारली जाते. जिच्यासाठी हे सारे झाले ती सुशीलाही वाचत नाही. बऱ्याच समीक्षकांनी या शेवटास क्रांती म्हटले. आम्ही म्हणणार नाही. वर्षानुवर्षे ज्याला बोलू दिले नाही, त्याने तोंड उघडले तेव्हा त्याच्यापाशी शब्द नव्हते, हातात दगड आणि काठ्या होत्या. पटकथा एवढेच दाखवते, टाळ्या वाजवीत नाही.

'सामना' हा जब्बार पटेल यांचा पहिला चित्रपट. बर्लिनच्या महोत्सवापर्यंत गेलेला. साखर कारखान्याचा सम्राट हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले) आणि कोठून तरी भटकत आलेला, दारूच्या आहारी गेलेला जुना गांधीवादी मास्तर (श्रीराम लागू) यांची ही झुंज. हिंदुराव क्रूर दिसत नाही. तो मास्तरला घरी नेतो, खाऊपिऊ घालतो, त्याच्या दारूचीही सोय करतो. निळू फुले यांनीच रंगभूमीवर सखाराम साकारला होता; सखारामचा आडदांडपणा ज्यांनी पाहिला, त्यांना हिंदुरावाचा गोडवा अधिक भयानक वाटला असेल. या साऱ्या आदरातिथ्याखाली एक प्रश्न खदखदत राहतो, तो मारुती कांबळे या नाहीशा झालेल्या माणसाचा. त्याचे पुढे काय झाले, हे मास्तर पुनःपुन्हा विचारतो.

तो प्रश्न महाराष्ट्रात म्हणीसारखा रूढ झाला. पण रूढ होताना त्यातली एक गोष्ट निसटली. प्रश्न विचारणारा मारुतीचा भाऊबंद नाही, वस्तीवरला नाही. तो परका आहे, आणि शुद्धीवर असतो त्याहून अधिक नशेत असतो. ज्यांनी विचारायला हवे त्यांना विचारण्याची सोय नाही, म्हणून ज्याला गमावण्यासारखे काही उरले नाही त्याच्या तोंडी तो प्रश्न आला. कांबळे हे आडनाव आमच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत पानोपानी आहे. दिवाळी झाली की भूम, परांडा, कळंबकडची कितीतरी कुटुंबे मुकादमाची उचल अंगावर घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. एका जोडीला तेथे 'कोयता' म्हणून मोजतात, माणूस म्हणून नव्हे. ज्याचे नावच हत्यारावरून पडले, तो नाहीसा झाला तर विचारणार कोण? 'सामना' पाहताना आमच्या मनात हे येत राहते. आमच्या मते मराठी चित्रपटाने विचारलेला तो सर्वांत मोठा प्रश्न आहे. आणि तेंडुलकरांचे कसब असे की, मारुती कांबळे या माणसाचे ओझे त्यांनी त्याच्या गैरहजेरीने पेलून धरले.

येथून 'आक्रोश'कडे वळताना आम्हांस एका इंग्रज लेखकाची आठवण येते. रॉबर्ट बोल्ट (१९२४–१९९५) हाही आधी नाटककार, मग पटकथाकार. पेशाने शाळामास्तर होता. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', 'डॉक्टर झिवागो' या पटकथा त्याच्या. दक्षिण अमेरिकेतील येशूसंघीयांवरील 'द मिशन' हीही त्याचीच. पण धर्मगुरुमंडळींना तो परिचित आहे तो 'अ मॅन फॉर ऑल सीझन्स'मुळे. संत थॉमस मोर यांच्यावरील हे नाटक १९६० मध्ये रंगभूमीवर आले, १९६६ मध्ये त्याचा चित्रपट झाला. स्वतः बोल्ट श्रद्धावंत ख्रिस्ती नव्हता, हे विशेष. राजाच्या शपथेस मोर नकार देतात, पण नकाराचे कारण सांगत नाहीत. कायद्याने मौनाचा अर्थ संमती असाच घ्यावा लागेल, हा त्यांचा युक्तिवाद. मौन ही त्यांची ढाल आहे. ती भेदण्यासाठी खोटी साक्ष आणावी लागते.

'आक्रोश'मधील भिकू लहान्या हाही न्यायालयात गप्प उभा आहे. आदिवासी मजूर, बायकोच्या खुनाचा आरोप त्याच्यावर आहे, आणि खून त्याने केलेला नाही. बायकोवर अत्याचार करून तिला मारणारी प्रतिष्ठित मंडळी संध्याकाळी क्लबात पत्ते खेळत बसतात. वकील भास्कर कुलकर्णी नाना परींनी विनवतो, भिकू तोंड उघडत नाही. ओम पुरी यांनी ही भूमिका केवळ डोळ्यांनी केली. मोर यांचे मौन विद्वान कायदेपंडिताचे आहे. बोलणे काय आहे हे पुरते ठाऊक असलेल्या माणसाने पत्करलेले. भिकूला बोलण्याची किंमत ठाऊक आहे. घरी म्हातारा बाप आहे, तरणी बहीण आहे. मोर यांचे मौन न्यायालयावरील विश्वासातून आले होते, भिकूचे मौन अविश्वासातून. दोघांचेही न्यायालयात काही चालत नाही. पण एकाच्या मौनाचा अर्थ लावण्यास सारे राज्य धडपडते आणि दुसऱ्याच्या मौनाची दखल एका नवख्या वकिलावाचून कोणी घेत नाही.

या तुलनेतील एक तपशील आम्हांस फार बोलका वाटतो. बोल्टच्या नाटकात 'सामान्य माणूस' नावाचे एक पात्र आहे. तोच नोकर होतो, तोच नावाडी, तोच तुरुंगरक्षक आणि अखेरीस मोर यांचा शिरच्छेद करणाराही तोच. चित्रपट करताना बोल्टने हे पात्र गाळले. पडद्यावर राजे, सरदार, विद्वान राहिले. तेंडुलकरांचा प्रवास नेमका उलटा. त्यांच्या रंगमंचावरील दिवाणखान्यांत, भाड्याच्या खोल्यांत जो शिरू शकला नव्हता, तो माणूस कॅमेऱ्यामुळे त्यांच्या लेखनात आला. कॅमेऱ्यासमोर येण्यासाठी बोलता यावे लागत नाही, हे त्यांनी ओळखले.

भिकू बोलतो तो अगदी शेवटी. बापाच्या अंत्यसंस्कारासाठी त्याला पहाऱ्यात आणलेले असते. बहिणीवर खिळलेली फोरमनची नजर त्याला दिसते; तो कुऱ्हाड उचलतो आणि बहिणीलाच संपवतो. मग आकाशाकडे पाहून किंचाळतो. या शेवटाने आम्ही आजही अस्वस्थ होतो, आणि ती अस्वस्थता निव्वळ कौतुकाची नाही. फिल्मफेअरचे कथा आणि पटकथा हे दोन्ही पुरस्कार 'आक्रोश'ला मिळाले, ते योग्यच. पण ती बहीण? तिला काय वाटत होते, हे लेखकाने एकदाही विचारले नाही. भावाच्या मौनास पटकथेने जेवढी जागा दिली, तिच्या दहावा हिस्साही तिच्या मौनास दिली नाही. मुक्याच्या घरात आणखी एक मुकी होती, आणि ती केवळ शेवट साधण्यासाठी होती.

मर्यादा म्हणतो ती ही. मुका बळी तेंडुलकरांना समजतो. बळी बोलू लागला की त्यांचा त्याच्यावरचा विश्वास डळमळतो. 'कन्यादान' (१९८३) या नाटकातील अरुण आठवले हा दलित तरुण, कवी, शब्दांचा धनी. तो समाजवादी ब्राह्मण घरातल्या ज्योतीशी लग्न करतो आणि तिला मारहाण करतो. नाटकावर आक्षेप आले. लेखकाला पात्र हवे तसे रंगवण्याचे स्वातंत्र्य आहे, ते आम्हांस मान्य आहे. असा तरुण असूच शकत नाही, असेही आमचे म्हणणे नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. मारुती कांबळे अदृश्य असताना लेखकाची सारी करुणा त्याच्या बाजूला होती. अरुण आठवले समोर येऊन, पुस्तक लिहून, स्वतःच्या तोंडाने बोलू लागला, तेव्हा त्याच्या बोलण्यात लेखकाला विखारच का ऐकू आला? नाटक पुन्हा वाचताना आम्ही उत्तर शोधले. ज्योतीच्या वडिलांच्या भ्रमनिरासात ते थोडेसे सापडते, पुरते सापडत नाही.

इतर पटकथांचा ओझरता उल्लेख पुरे. 'सिंहासन' अरुण साधू यांच्या दोन कादंबऱ्यांवर आधारलेला. तेथे सारेच बोलतात, आणि ऐकून ऐकून पत्रकार दिगू टिपणीसचे भान सुटते. 'अर्धसत्य' श्री. दा. पानवलकर यांच्या कथेवरून; बापाच्या धाकात वाढलेल्या पोलीस अधिकाऱ्याची हिंसा तेथे इतक्या बारकाईने उलगडली आहे की, पोलिसांवरील पुढचे बरेच हिंदी चित्रपट तिच्यासमोर पोरकट वाटतात. 'आक्रीत' (१९८१) अमोल पालेकर यांचा. आपल्या मराठवाड्यातील, परभणी जिल्ह्याच्या मानवत येथील हत्याकांडावर बेतलेला. 'उंबरठा'ला शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीचा आधार. महिलाश्रमाची अधीक्षक सुलभा महाजन हे स्मिता पाटील यांचे काम अविस्मरणीयच. तरी अशा आश्रमांत आयुष्य वेचणाऱ्या धर्मभगिनींना ओळखणाऱ्या आम्हांस त्यात आश्रमातील बायकांपेक्षा अधीक्षकच अधिक दिसली, हे नोंदवून पुढे जातो.

पुढे जायचे ते 'मंथन'पर्यंत, कारण आमच्या आक्षेपाला तेंडुलकरांनीच दिलेले उत्तर तेथे आहे, आणि गंमत म्हणजे ते आक्षेपाच्या कितीतरी आधीचे आहे. गुजरातेतील पाच लाख दूधउत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घालून हा चित्रपट उभा केला. या पटकथेस राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२४ मध्ये चित्रपटाची नवी, दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली. कथा दूध सोसायटीची. शहरातून आलेला डॉक्टर राव, दुधाचा व्यापारी मिश्रा, गावचा सरपंच, आणि हरिजन वस्तीतील तापट तरुण भोला. येथेही उसनी वाणी आहेच : बिंदूचा अंगठा एका कागदावर घेतला जातो, आणि त्या कागदावर ती रावविरुद्ध जे बोलते ते तिने कधी म्हटलेलेच नसते. सामंताच्या हातची कादंबरी आणि बिंदूचा अंगठा यांत आम्हांस फरक दिसत नाही.

पण भोला निराळा आहे. तो प्रथम रावशी धड बोलतही नाही. शहरी माणसाने एकदा आपल्या आईला फसवले, ही जखम त्याच्या मनात आहे. हळूहळू त्याला सोसायटी म्हणजे काय ते कळते. वस्तीची मते एकत्र झाली तर सरपंचाला हरवता येते, हेही कळते. मग राव जातो. बदनामी होऊन, हात टेकून जातो. 'निशांत'च्या लेखकाने येथे वस्ती पेटवली असती, 'आक्रोश'च्या लेखकाने भोलाच्या हाती कुऱ्हाड दिली असती. यांपैकी काहीच होत नाही. भोला दूध सोसायटी पुन्हा उघडतो, आणि घाबरलेल्या लोकांना, त्यांच्याच बोलीत, दूध घेऊन या म्हणून सांगू लागतो. सुरुवातीला फार थोडे लोक येतात.